सूर आले, भाषेचे काय?

उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये लग्नसराईच्या दिवसांत शहाड स्थानकाकडील रस्त्यांवरून वराती निघतात. ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून हिंदी चित्रपटगीते वाजतात, पंजाबी भांगडा वाजतो, मराठीतले 'झिंगाट' वाजते आणि आता मधूनच एखादे स्पॅनिश गाणेही वाजते. त्यातील एकही शब्द नाचणाऱ्यांना कळत नाही आणि कळावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. ज्यांच्या घरचे लग्न असते ते कुटुंब बहुधा सिंधी असते. परंतु घरातील वृद्धा ज्या सुरात 'लाडा' म्हणतात, ती सिंधी लग्नगीते या ध्वनिवर्धकांतून क्वचितच ऐकू येतात. प्युएर्तो रिकोची भाषा वरातीत अवतरली आणि घरची भाषा मागल्या खोलीत राहिली, हे दृश्य केवळ अभिरुचीचा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

लॅटिन अमेरिकेच्या संगीताला अलीकडे जगभर जी मान्यता मिळत आहे, तिच्याविषयी आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. हे संस्कृतीवरील आक्रमण आहे, असे एक पक्ष म्हणतो. संगीताला भाषा नसते, ते सर्वांचे असते, असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्या मताची दखल घेण्याचे कारण नाही. ज्या शहरातील माणसेच सीमा ओलांडून आली, तेथे परक्या सुरांना परवाना मागणे हास्यास्पद ठरेल. दुसरे मत मात्र दिसते तितके निरागस नाही. संगीताला भाषा नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी या संगीताचा गेल्या नव्वद-पंचाण्णव वर्षांचा प्रवास एकदा तपासून पाहावा.

हे सूर जगाच्या बाजारात प्रथम आले ते भाषा उंबरठ्याबाहेर ठेवून. हवानाच्या रस्त्यावर शेंगदाणे विकणाऱ्याच्या आरोळीवर मोइसेस सिमोन्स या क्यूबन संगीतकाराने रचलेले 'एल मानिसेरो' हे गाणे डॉन अस्पियासू यांच्या वाद्यवृंदाने 1930 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केले आणि अमेरिकेला त्याचे वेड लागले. लवकरच त्याला इंग्रजी शब्द चढवण्यात आले. हा प्रकार मुळात क्यूबातील 'सोन'चा; परंतु व्यापाऱ्यांनी तो 'ऱ्हुम्बा' या नावाने विकला, कारण गिऱ्हाइकाला तेच नाव आकर्षक वाटले. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या तालवाद्यांतून आणि स्पेनच्या गीतपरंपरेतून जे जन्मले, त्याचे नावही विकणाऱ्याने ठरवावे, इतके ते संगीत त्या काळी निराधार होते.

तेच सूर लंडनमार्गे मुंबईला पोहोचले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या एडमुंडो रॉस यांच्या लंडनमधील वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेल्या एका लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी, म्हणजेच सी. रामचंद्रांनी, 1950 च्या 'समाधी' चित्रपटासाठी 'गोरे गोरे' हे गीत बांधले. पुढच्याच वर्षी भगवानदादांच्या 'अलबेला'त याच तालांनी धमाल उडवली. भगवान आबाजी पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र; त्यांची नाचण्याची ढब गिरणगावाने आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांनी आपलीशी केली. सी. रामचंद्रांचे सहाय्यक असलेले चिक चॉकलेट हे गोव्यातील हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ. बोंगो, काँगा ही वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवण्यात कावस लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. क्यूबाचा ताल, गोव्याचे वादक, पारशी तालवादक, मराठी संगीतकार आणि गिरणगावातला नर्तक असा हा संगम होता. त्याला कोणी नक्कल म्हणून हिणवू नये. कलेचा संसार उसनवारीवरच चालतो. परंतु त्या उसनवारीत स्पॅनिश भाषा कोठेच नव्हती, आणि ज्या गोमंतकीय वादकांनी हे सूर मुंबईत वाजवले, त्यांची कोंकणीही नव्हती. श्रोत्याला एवढेच ठाऊक होते की हे काहीतरी 'वेस्टर्न' आहे.

ही पद्धत पुढे अनेक दशके बदलली नाही. 1996 मध्ये 'माकारेना' या स्पॅनिश गाण्याने अमेरिकेच्या विक्रीयादीत 14 आठवडे पहिले स्थान राखले, पण ते इंग्रजी कडवी जोडलेल्या आवृत्तीच्या बळावर. 2017 मध्ये लुइस फोन्सी आणि डॅडी यांकी यांच्या 'देस्पासितो'ने 16 आठवडे तेच स्थान राखले. तेथेही जस्टिन बीबर या इंग्रजी गायकाचा टेकू घ्यावा लागला. मात्र त्यानंतर चित्र बदलले. 2020 च्या अखेरीस प्युएर्तो रिकोच्या बॅड बनी या गायकाचा संपूर्ण स्पॅनिश संग्रह अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिला आला. असे यापूर्वी कधी घडले नव्हते. 2022 मधील त्याचा पुढचा संग्रह ग्रॅमीच्या 'वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रह' या विभागात नामांकन मिळवणारा पहिला संपूर्ण स्पॅनिश संग्रह ठरला. त्याच वर्षी अमेरिकेतील लॅटिन संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे उत्पन्न एक अब्ज डॉलरांच्या पुढे गेले. टेकू गळून पडला आणि गाणे स्वतःच्या भाषेत उभे राहिले. लॅटिन संगीत लोकप्रिय झाले, ही यातील खरी बातमी नव्हे; ते तर 1930 मध्येच लोकप्रिय होते. आपली भाषा न सोडता ते लोकप्रिय झाले, ही या दशकातील खरी बातमी आहे.

हे कसे घडले? पहिले कारण बाजाराचे आहे. तबकड्या आणि कॅसेटच्या काळात नभोवाणीचे अधिकारी आणि कंपन्यांचे विक्रेते ठरवतील तेच गाणे श्रोत्यापर्यंत जाई. आता भ्रमणध्वनीवर किती जणांनी ऐकले याची थेट मोजदाद होते. स्पॅनिश ही सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि खुद्द अमेरिकेत लॅटिन वंशाचे सहा कोटींहून अधिक लोक राहतात. मोजणी प्रामाणिक झाली तेव्हा हे लोक दिसू लागले. पण एवढ्या कारणाने अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे समाधान होऊ नये. बाजार भाषेचा लाभ घेतो. भाषा निर्माण करण्याचे किंवा जगवण्याचे काम त्याने कधीच केलेले नाही. ती जगवण्याचा खर्च दुसऱ्याच कोणीतरी आधी उचललेला असतो.

प्युएर्तो रिकोत तो कोणी उचलला, याचा इतिहास उद्बोधक आहे. 1898 मध्ये अमेरिकेने हे बेट स्पेनकडून जिंकून घेतले. 1917 मध्ये तेथील लोकांना नागरिकत्व दिले, परंतु बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मताचा अधिकार आजही नाही. सत्तांतरानंतर तेथील शाळांवर इंग्रजी लादण्याचे प्रयत्न अर्धे शतक चालले. शिक्षकांनी आणि पालकांनी ते सातत्याने हाणून पाडले आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश हे पुन्हा शाळांचे माध्यम झाले. त्याच सुमारास, 1948 मध्ये, स्वातंत्र्याची गाणी गाणे आणि बेटाचा ध्वज फडकवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा तेथे झाला. तो 1957 पर्यंत अमलात होता. पुढे सरकारी वसाहतींतील गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय तरुणांनी पनामा आणि जमैकाच्या तालांतून 'रेगेटोन' घडवले, तेव्हा 1995 मध्ये पोलिसांनी राजधानी सान हुआनमधील दुकानांवर छापे घालून त्याच्या कॅसेट जप्त केल्या. आज ज्या गाण्यावर उल्हासनगरची वरात नाचते, त्याच्या पाठीशी ही शाळा आहे, हा कायदेभंग आहे आणि या जप्त झालेल्या कॅसेट आहेत. गायकाला भाषा फुकट मिळाली असेल. समाजाला ती फुकट मिळालेली नाही.

अर्थात या यशाने दिपून जाण्याचेही कारण नाही. या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे आणि तंत्रज्ञानाच्या मक्तेदारांकडे जातो. बेटावरची घरे श्रीमंत स्थलांतरितांच्या खरेदीमुळे स्थानिकांच्या आवाक्याबाहेर चालली आहेत. बॅड बनीने 2025 मध्ये सान हुआनमध्येच सुमारे तीस कार्यक्रम केले आणि पहिले नऊ कार्यक्रम बेटावरील रहिवाशांसाठी राखून ठेवले. त्यामागे हीच जाण होती. पण एका गायकाच्या सदिच्छेने वसाहतवादाचा हिशेब चुकता होत नाही.

हा आरसा समोर धरून आता उल्हासनगरकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखाच्या आसपास निर्वासित वसवले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच कॅम्प, बराकींचे क्रमांक हाच पत्ता, आणि हाताला मिळेल ते काम. या माणसांनी कोणापुढे हात पसरले नाहीत. पापड-लोणच्यांपासून कापड, फर्निचर, विजेची उपकरणे यांपर्यंत जे जमेल ते केले. त्यांच्या मालावरील 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' या विनोदावर उर्वरित महाराष्ट्र पन्नास वर्षे हसत आला. संगीतकाराने परदेशी चाल घेतली तर ती प्रतिभा आणि निर्वासिताने परदेशी वस्तूसारखी वस्तू केली तर ती बनावट, असा हा दुटप्पी न्याय होता.

या माणसांनी सिंधमधून येताना फारसे काही आणले नव्हते. पण गाणे आणले होते. शाह अब्दुल लतीफ यांचे 'शाह जो रिसालो' हे सिंधी भाषेचे महाकाव्य 'सुरां'च्या नावांनी विभागलेले आहे. ते वाचण्याआधी गायिले जाते. नाचत, गात, कथा सांगत रात्र जागवणारी 'भगत' ही लोककला होती. तिचे सर्वांत लाडके गायक भगत कंवरराम यांची 1 नोव्हेंबर 1939 रोजी सिंधमधील रुक स्थानकावर हत्या झाली. त्यांच्या गाण्याची आठवण या समाजाने आजवर जपली आहे. मुंबईत प्राध्यापक राम पंजवानी मातीच्या मडक्यावर ताल धरून सिंधी कलाम गात. ज्यांच्या पायाखालची भूमीच गेली, त्यांच्यासाठी हे कलाम म्हणजे मनोरंजन नव्हते. ती मागे राहिलेली जमीन होती.

आणि तरीही सिंधच्या गाण्याचे भाग्य 1950 मधल्या लॅटिन गाण्यासारखेच राहिले. सेहवणच्या लाल शाहबाझ कलंदरांची धमाल उपखंडात कोणाला ठाऊक नाही? बांगलादेशच्या रुना लैला यांनी 1970 च्या दशकात ती भारतात घरोघरी पोहोचवली. तीत सिंधचे नाव आहे, सेहवणचे आहे, झुलेलालचेही आहे. परंतु तिचे शब्द प्रामुख्याने पंजाबी आहेत. लग्नात ती वाजली की सिंधी मनुष्य उठून नाचतो, आणि आपले गाणे सर्वमान्य झाले असे त्याला वाटते. सूर सर्वमान्य झाले. भाषा पुन्हा उंबरठ्याबाहेर राहिली.

10 एप्रिल 1967 रोजी सिंधीचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात सिंधी मातृभाषा सांगणारे सुमारे 27.7 लाख लोक होते. त्यांच्यापाशी राज्य नाही, म्हणून राजभाषा नाही, म्हणून सरकारी नोकरी नाही, म्हणून पाठ्यपुस्तकांना बाजार नाही, म्हणून शाळा नाही. अरबी लिपी की देवनागरी, या वादात एक पिढी खर्ची पडली. पुढच्या पिढीने दोन्ही सोडून रोमन लिपी पत्करली. सिंधीसाठी दूरदर्शनने चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी सुरू करावी, ही मागणी 2024 मध्ये प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. एवढ्या थोड्या लोकांसाठी अशी वाहिनी व्यवहार्य नाही, हे प्रसारभारतीचे म्हणणे होते. हा तर्क नीट पाहण्यासारखा आहे. लोक थोडे म्हणून वाहिनी नाही. वाहिनी नाही, शाळा नाही, म्हणून भाषा बोलणारे आणखी थोडे. खाजगी कंपनीने असा हिशेब मांडला तर तो तिचा धर्म आहे. सार्वजनिक संस्थेनेही तोच मांडायचा असेल, तर तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे प्रयोजन काय?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. सिंधी पालकांनीच आपली मुले इंग्रजी शाळांत घातली. सिंधी माध्यमाच्या शाळा कोणी सक्तीने बंद केल्या नाहीत. जो निर्वासित म्हणून आला, त्याने मुलाच्या पोटापाण्याची भाषा निवडली, यात त्याचा अपराध काय? अपराध काहीच नाही. बराकीत दिवस काढलेल्या माणसाला मातृभाषाप्रेमाचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु पोटाची भाषा आणि घरची भाषा यांपैकी एकच निवडा, अशी अट त्याच्यावर ज्या व्यवस्थेने लादली, तिला मात्र जाब विचारला पाहिजे. प्युएर्तो रिकोची मुले शाळेत स्पॅनिशमध्ये शिकतात आणि इंग्रजीही शिकतात. इंग्रजी शाळेत सिंधी हा एक विषय म्हणून शिकवता येतो. त्याला वेगळी इमारत लागत नाही, एक शिक्षक आणि एक तास लागतो.

हा प्रश्न सिंधी लोकांचा आहे, मराठी वाचकाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय काढला. महाराष्ट्रात प्रक्षोभ उसळला आणि जूनअखेर शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. लहान मुलाच्या भाषेवर मोठ्या भाषेचे ओझे लादू नये, हे तत्त्व त्या वेळी मराठी समाजाने उच्चरवाने मांडले. ते तत्त्व खरे असेल, तर ते उल्हासनगरच्या सिंधी मुलालाही लागू पडते. महाराष्ट्रात मराठी ही मोठी भाषा आहे, आणि मोठ्या भाषेची परीक्षा ती आपल्या अंगणातील लहान भाषेशी कशी वागते यावरून होते. शिवाय मराठीलाही स्वतःची काळजी आहेच. 2016 मध्ये 'सैराट'मधील 'झिंगाट' मराठीतच देशभर गाजले. 2018 मध्ये 'धडक'साठी त्याला हिंदी शब्द चढवले गेले. गाणे गाजते आणि मराठी शाळेचा पट घसरतो, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात एकाच वेळी घडत आहेत. अभिजात दर्जाच्या समारंभाने ती विसंगती झाकली जाणार नाही.

तेव्हा करावयाचे काय? घटनेच्या 350 अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे आणि त्यातील प्रत्येक स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरवले आहे. उल्हासनगर महानगरपालिका ही अशी स्थानिक संस्था आहे. ज्या शाळांत सिंधी मुले आहेत, तेथे पहिलीपासून सिंधी हा विषय उपलब्ध करून देण्यापासून तिने सुरुवात करावी. ज्या मराठी मुलांना तो घ्यावासा वाटेल त्यांनाही तो खुला असावा. महाराष्ट्र राज्य सिंधी साहित्य अकादमीने पुरस्कार आणि संमेलनांतून थोडा हात मोकळा करून पाचही कॅम्पांतील लाडा, कलाम आणि भगत यांचे ध्वनिमुद्रण हाती घ्यावे, आणि ते शब्द व अर्थांसह सर्वांना विनामूल्य उपलब्ध करावे. जे गायक-वादक आजही हे गातात, त्यांना ध्वनिमुद्रणासाठी रोख मानधन मिळावे. सत्काराच्या शालीने कोणाचे घर चालत नाही.

यातले दुसरे काम थांबू शकत नाही. फाळणीच्या वेळी जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या घरात आहे. सिंधच्या गावात आईच्या तोंडून लाडा ऐकलेली ती शेवटची पिढी आहे. बाजार तिच्या दारी जाणार नाही, कारण तिच्या गाण्याला श्रोते किती हे त्याने आधीच मोजले आहे. प्युएर्तो रिकोच्या गाण्याचेही असेच मोजमाप एकेकाळी झाले होते. ते चुकीचे ठरले, कारण तेथील शाळांनी, वस्त्यांनी आणि साध्या माणसांनी मोजणाऱ्यांचे ऐकले नाही. उल्हासनगरने कोणाचे ऐकायचे, हे ठरवायला अजून थोडा अवधी आहे, फार नाही.